मदत हवी आहे: यानाच्या मॉडेलमध्ये एलईडी लावले, पण प्लास्टिकमधूनच उजेड झिरपतोय

नमस्कार मंडळी,

१/१००० प्रमाणातलं एक अंतराळयान जुळवायला घेतलंय. खिडक्या उजळायला हव्यात, एवढा एकच हट्ट. वरचा आणि खालचा भाग अजून चिकटवलेला नाही. आत एलईडी टेपने तात्पुरता धरून खोलीत अंधार केला, तर खिडक्या राहिल्या बाजूला, अख्खं यानच कंदिलासारखं पेटलं! जोडाची फट तर वेगळीच चमकत होती.

आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा द्यायचा, म्हणजे काळा उजेड अडवतो आणि पांढरा तो आत फिरवतो, इतपत माहीत आहे. पण थर जाड झाला की दोन्ही भाग जोडणाऱ्या पिना खाचांत बसत नाहीत. मग किती द्यायचा?

खरा घोळ खिडक्यांचा आहे. या प्रमाणात ०.५ मिमीचं भोक म्हणजे अर्ध्या मीटरची खिडकी. त्यामुळे ०.२५ मिमीचं फायबर ऑप्टिक (उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणारा बारीक तंतू) जास्त शोभेल. पण भोकं प्रायमरआधी (म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराआधी) पाडायची की नंतर? फायबर आधी ओवलं तर टोकं रंगाने बुजणार, नंतर ओवायचं तर यान बंद झालेलं असणार.

वीज ९ व्होल्टच्या बॅटरीवर. पांढऱ्या एलईडीचे साधारण ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर धरले तर ३०० ओहम येतात, म्हणून प्रत्येकाला ३३० चा रेझिस्टर लावणार आहे. चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल, पण २० मिलिअँपिअर कशाला? १.२ किलोओहम लावा, प्रवाह ५ वर येईल. खिडक्यांना तेवढा पुरतो, बॅटरी टिकते आणि झिरपणंही निम्मं आटोक्यात येतं.

रंगाचं म्हणाल तर पिना आणि जोडाच्या कडा मास्किंग टेपने झाका, मग काळ्याचे पातळ थर द्या. दर थरानंतर अंधारात बघा आणि जिथे गळतंय तिथेच पुन्हा मारा. जोडाला आतून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी उत्तम, फक्त तिच्यातून वीज वाहते हे विसरू नका. उघडी तार टेकली की शॉर्ट.

भोकं प्रायमरआधीच. सुईने खूण करून पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) ०.३ मिमीची ड्रिल, आणि दाब जवळजवळ नाहीच. प्रायमरनंतर तीच ड्रिल बोटांनी पुन्हा फिरवा. फायबर आतून ओवून दोनेक मिलिमीटर बाहेर ठेवा आणि खुशाल रंगवा. डिकल (चिकटवायची छापील चिन्हं), वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून दिलेला पातळ रंग), शेवटचा मॅट कोट सगळं झालं की नव्या ब्लेडने टोकं पृष्ठभागालगत कापा, स्वच्छ टोक उघडं पडतं. चिकटवायला पांढरा गोंद घ्या. सुपरग्लूने फायबर ठिसूळ होतं आणि वाकवताना तुटतं.

धागाकर्ता:
टोकं शेवटी कापायची हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार! बॅटरी स्टँडमध्ये ठेवायची आहे. यान उचलून बाजूला ठेवता यावं म्हणून तारांना मध्ये कुठला जॅक लावता?