टर्बो सीमध्ये फॅक्टोरियल मायनस का येतंय?

एफवाय_गोंधळलेला:
बीएस्सी सीएस फर्स्ट इयरला आहे, पहिल्याच सेमला सी भाषा. लॅबमध्ये ती निळी स्क्रीनवाली टर्बो सी (सीचा प्रोग्राम मशीनला कळेल असा करणारा कंपायलर) आणि घरी दादाने जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) टाकून दिलंय त्यात जीसीसी हा दुसरा कंपायलर. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) प्रोग्राम लॅबमध्ये रन केला, ७ ला ५०४० बरोबर आलं, ८ टाकलं तर चक्क -२५२१६. म्हटलं लूप चुकला असेल, घरी तोच प्रोग्राम टाकला तर आधी कोनिओ.एच ही वर जोडलेली फाइल सापडत नाही म्हणाला, ती लाइन आणि क्लिअर स्क्रीनवाली लाइन उडवली तर ४०३२० आलं, म्हणजे बरोबर!! मॅडमना विचारलं तर म्हणाल्या एक्सटर्नलला (बाहेरच्या परीक्षकाला) ५ टाकून दाखव आणि मोकळा हो. पण प्रोग्राम एकच आणि उत्तरं दोन कशी?

सेगफॉल्ट_काका:
टर्बो सी १९८७ ची आहे रे बाबा, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. कशाला नादी लागतोस, जीसीसीवरच शिक.

कोथरूडची_कोडर:
काका, त्याला मार्क कोण देणार, तुम्ही? 😄
हे बघ, लूप तुझा बरोबर आहे. टर्बो सी डॉसच्या (विंडोजआधीची सिस्टीम) काळातली, तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, १६ बिटचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ८ चं फॅक्टोरियल ४०३२०, ते मावत नाही मग वरचा बिट साइनचा (अधिक-उणेचा) समजला जातो आणि ४०३२० वजा ६५५३६ = -२५२१६. कॅल्क्युलेटरवर करून बघ, अगदी तोच आकडा येईल. जीसीसीला तुझ्या लॅपटॉपवर इंट ३२ बिटचा म्हणून तिथे २१४ कोटींच्या पुढेपर्यंत चालतं. सीच्या स्टँडर्डने इंट किमान १६ बिटचा हवा एवढंच सांगितलंय, म्हणून दोन्ही कंपायलर आपापल्या जागी बरोबर. लॅबमध्ये इंटऐवजी लाँग (मोठा डबा) घे, ८ चालेल. आणि कोनिओ.एच हे सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीच, डॉसवाल्या कंपायलरांचं आहे, उबंटूला कुठून सापडणार.

खडू_डस्टर:
मी ज्युनिअर पोरांना लॅब घेतो, म्हणून मॅडमची थोडी बाजू घेतो, एका बॅचला दोन तास आणि त्यात अर्ध्या पोरांचा स्कॅनफमधला (इनपुट घ्यायची ओळ) अँपरसँड, म्हणजे & चिन्ह, राहिलेला असतो, तिथे १६ बिट कुठे समजावत बसणार. पण "५ टाकून दाखव" हे मात्र पटलं नाही, इतका चांगला प्रश्न पोरगा स्वतःहून घेऊन येतो आणि तुम्ही त्याला कटवता. असो. तू एक कर, जर्नलमध्ये नुसता प्रोग्राम उतरवून काढू नको, वहीत टेबल आखून ड्राय रन कर, म्हणजे प्रोग्राम हाताने चालवून बघ. एका कॉलमला आय, दुसऱ्याला फॅक्ट, आठव्या ओळीला ५०४० गुणिले ८ लिहिलंस की ३२७६७ कुठे ओलांडलं ते डोळ्यांना दिसतं. व्हायवाला हेच टेबल पुढे कर, व्हॉइड मेन का इंट मेन (प्रोग्रामची सुरुवात लिहायच्या दोन पद्धती) यावर वाद घालू नको, एक्सटर्नल जे म्हणेल ते.

एफवाय_गोंधळलेला:
आई शप्पथ, -२५२१६ च आलं कॅल्क्युलेटरवर!! ताई थँक्स. मग घरी जीसीसीवर मोठे आकडे टाकत गेलो, १२ पर्यंत ठीक, १३ ला १९३२०५३५०४ आलं. मायनस नाहीये म्हणून आधी बरोबरच वाटलं, पण दादा म्हणाला १० च्या पुढे फॅक्टोरियलच्या शेवटी दोन शून्य यायलाच पाहिजेत, इथे शेवटी एकही शून्य नाही. हे पण तेच का?

कोथरूडची_कोडर:
तेच. खरं उत्तर ६२२७०२०८००, त्यातून २ चा ३२ वा घात एकदा वजा कर. मायनस आलं तर निदान कळतं तरी, हे असं गुपचूप चुकलेलं जास्त त्रास देतं. दादाला सांग भारी पकडलं. आता लाँग लाँग (अजून मोठा डबा) घे, प्रिंटफमध्ये (उत्तर छापायची ओळ) पर्सेंट एलएलडी कर नाहीतर परत कचरा छापेल. २० पर्यंत बिनधास्त.

सेगफॉल्ट_काका:
आणि २१ ला परत इथेच ये 😂