मदत हवी आहे : इंदूरच्या जुन्या टॉकीजच्या पोस्टरांचे फोटो

नमस्कार मंडळी,

२८ सप्टेंबरला लताबाईंचा जन्मदिवस. १९२९ साली त्या जन्मल्या त्या आपल्याच इंदुरात, त्यामुळे आमच्या कॉलनीत दरवर्षी त्या संध्याकाळी गाणी होतात. या वेळी गाणी बसली, तबलजीही मिळाला. अडलंय ते भिंतीवरच्या प्रदर्शनाचं.

टॉकीजबाहेर हाताने रंगवलेली मोठाली पोस्टरं लागायची, त्यांचे फोटो हवे आहेत. नायिकेचे गाल गुलाबी, खलनायकाचा चेहरा चक्क हिरवा! इंदुरात चित्रकला शिकलेले प्रसिद्ध चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा पुढे मुंबईत अशीच होर्डिंगं रंगवायचे, तेव्हा याला कमी लेखू नका. रीगल, मधुमिलन या टॉकीजची नावं आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणूनच जास्त चालतात. माझ्या भाचीला तर मधुमिलन हे मिठाईचं दुकान वाटायचं.

काका-काकूंनो, जुने अल्बम जरा चाळाल का? नुसत्या पोस्टराचा फोटो कोण काढतो म्हणा, पण वरातीच्या किंवा नव्या स्कूटरच्या फोटोत मागे एखादं सापडेल. कोपरा दिसला तरी चालेल. स्कॅन ६०० डीपीआयवर करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर मोठा प्रिंट धूसर येतो. स्कॅनर नसेल तर मी घरी येऊन करून नेईन, अल्बम हलवायची गरज नाही.

आणखी एक : ही पोस्टरं कापडावर रंगवायचे की पत्र्यावर? रंगवताना कोणी पाहिलं असेल तर नक्की सांगा, फोटोखाली तेही लिहायचं आहे.