कॉलेज ग्रंथालय: एका पुस्तकाच्या वीस प्रती की वीस वेगळी पुस्तकं?

धागाकर्ता (वाणिज्य शिकवतो, कोल्हापूर)
पुस्तकखरेदीच्या याद्या मागवल्या की आमच्याकडे प्रत्येक शीर्षकाची एकच प्रत लिहायची पद्धत पडली आहे. अहवालात नवीन शीर्षकांचा आकडा भरघोस दिसतो, वर्गातल्या पोरांच्या हाती काही लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे. पदवी कॉलेजने निम्म्याहून जास्त पैसा चालू अभ्यासक्रमाच्या पुस्तकांच्या भरपूर प्रतींवर घालावा.

करआकारणीचं कपाट उघडून बघा. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधीची व्हॅट आणि सेवाकराची पुस्तकं अजून फळ्या अडवून उभी आहेत, पाठीवरच्या नंबरांसकट कोरी करकरीत. शेजारी जीएसटीची एकुलती एक प्रत. तिची शिवण उसवलीय आणि सोडवलेल्या उदाहरणांची पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेलीत. त्यात १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू, म्हणजे आणखी एक फळी निकामी. गणिताचं चांगलं पुस्तक चाळीस वर्षं चालतं, आमचं नाही चालत.

राज्यशास्त्राचा मास्तर
सर, अजिबात पटलं नाही. ग्रंथालय म्हणजे क्रमिक पुस्तकांचं गोदाम नव्हे. पोरं ज्याच्या वीस प्रती मागतात ते बऱ्याचदा गाईड असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. क्रमिक पुस्तकात त्यावर चार ओळी मिळतात. तो आदेश का निघाला, तेव्हा करवीर दरबारात नोकरीवर कोण होतं, हे समजून घ्यायचं तर वेगळी पुस्तकं लागतात. कोल्हापुरातल्या कॉलेजात ती नसतील तर मग कुठे असावीत? ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हेही एक सूत्र आहे. तो वाचक पाच वर्षांनी आला तरी चालेल, पुस्तक मात्र जागेवर पाहिजे.

धागाकर्ता
त्याच पाचांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे त्याच्या आधी येतं. माझ्या वर्गातला वाचक आज दारात उभा आहे.

रसायनशास्त्र
दोघंही छापील पुस्तकातच अडकलाय. एन-लिस्ट घ्या, कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणारी योजना आहे ती. वर्षाला सहा हजारांच्या आसपास वर्गणीत ६,००० हून जास्त नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. एवढ्या पैशात छापील संदर्भग्रंथ किती येतील? विद्यापीठाला तर १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झालीत.

बीए भाग २, गगनबावड्याकडची
सर, एन-लिस्टचा पासवर्ड मला मिळालाय. त्यात माझ्या पेपरचं मराठी पुस्तक नाही. जवळपास सगळं इंग्रजीत, तेही फोनवर पीडीएफ मोठी करून वाचायचं. गावाकडं रेंज येती-जाती. शेवटचं लेक्चर सुटलं की रंकाळा स्टँड गाठावं लागतं, एसटी चुकली तर पुढची कधी ते कुणी सांगत नाही. रीडिंग रूममध्ये बसून वाचा म्हणणाऱ्यांनी आमचा विचार करावा. मला घरी न्यायला पुस्तक पाहिजे.

ग्रंथपाल, एक अनुदानित कॉलेज
थोडं आतलं सांगते. एन-लिस्ट चांगलीच आहे, पण तिचा उपयोग संशोधन करणाऱ्या शिक्षकांना जास्त. पदवीच्या मुलांचं लॉगिन एकदा होतं आणि तिथंच थांबतं. वन नेशनचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, आमच्यासारखी अनुदानित खासगी कॉलेजं त्यात येत नाहीत.

जुनी पुस्तकं का हटत नाहीत? बाद करायची तर समितीचा ठराव लागतो, दाखल रजिस्टरला नोंद लागते आणि ऑडिटची धास्ती असते. त्यापेक्षा फळी भरलेली बरी, असं प्रत्येक ग्रंथपालाला वाटतं. हे बदललं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

प्रतींचं म्हणाल तर २०२४-२५ ला संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या, काही विषयांना मराठीत पुस्तकच नव्हतं. तेव्हा घाईने वीस प्रती घेतल्या असत्या तर जे पहिलं बाजारात आलं तेच गळ्यात पडलं असतं, चांगलं नंतर निघालं. म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन प्रती घ्याव्यात, देवघेवीत मागणी दिसली की पुढच्या वर्षी वाढवाव्यात. ग्रंथालयाच्या आमच्या कोहा सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या पुस्तकाला किती मुलं नंबर लावून बसलीत ते एका क्लिकवर दिसतं. विभागप्रमुखांनी ती यादी मागितल्याचं मला आठवत नाही.

राज्यशास्त्राचा मास्तर
मॅडम, मागणीवर सगळं सोडलंत तर माझ्या विषयाची फळी पाच वर्षांत रिकामी होईल. न मागितलेलं पुस्तक आणून ठेवणं हे शिक्षकाचं काम आहे.

धागाकर्ता
मॅडमचा पहिल्या वर्षाचा मुद्दा मान्य. पण कर आणि कायद्याच्या विषयांना एक वर्ष थांबणं परवडत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, स्पर्धा परीक्षेला बसणारी पोरं दंड संहितेची जुनी कलमं पाठ करत बसली तर दोष कुणाचा? या दोन फळ्यांसाठी वेगळी तरतूद ठेवा, बाकीच्या पैशाचं तुम्ही दोघं ठरवा.

बीए भाग २, गगनबावड्याकडची
आणि बुक बँकेचा संच, म्हणजे सेमिस्टरभर घरी वापरायला मिळणारी पुस्तकं, सेमिस्टर सुरू होतानाच द्या. दिवाळीनंतर हातात येऊन काय उपयोग?