पोलंडमधला 'पोव्यात' म्हणजे जिल्हा की तालुका?

उजनीकाठ:
नमस्कार मंडळी. मूळ करमाळा तालुका, आता सोलापुरात सात रस्त्याजवळ राहतो. तलाठी म्हणून रिटायर झालो. यंदा पुतण्याकडे पोलंडला गेलो होतो. त्यानं बिएश्चादी डोंगरात फिरवलं. उस्त्शिकी दोल्ने गावात गाड्यांच्या नंबरपाटीवर 'आरबीआय' दिसलं. पुतण्या म्हणाला, हे या पोव्यातचं अक्षर, आपल्या एमएच-१३ सारखं. तिथल्या कचेरीत एका खिडकीवर गाडीची नोंदणी चाललेली, शेजारी एक म्हातारा शेतकरी घराचा नकाशा पसरून परवानगी मागत होता. जमिनीची मोजणीही तिथंच म्हणे. मग ही कचेरी तहसीलदाराची की झेडपीची?

आणखी एक. वाटेत ओस गावं लागली. रानात नुसती सफरचंदाची झाडं नि कबरी. माझं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, म्हणून विचारतो. ही माणसं कुठं गेली?

जेशूवकर:
काका, मी बार्शीचा, सहा वर्षं इकडं आहे. कचेरी दोन्हींची मिळून आहे. लोक पोव्यातची परिषद निवडतात, परिषद स्तारोस्ता निवडते. आपल्या झेडपी अध्यक्षासारखंच, पण आरटीओ, भूमी अभिलेख, बांधकाम परवाना, मोठ्या शाळा, दवाखाना, सगळं त्याच्याकडं. वरून नेमलेला अधिकारी थेट प्रांताला असतो, वोयेवोदा. खाली ग्मिना, म्हणजे काही गावांची मिळून पंचायत, बिएश्चादी पोव्यातात त्या तीनच आहेत. मालकीची नोंद मात्र कोर्टात राहते, स्तारोस्ताकडं गटाचा नकाशा नि क्षेत्र.

१९७५ मध्ये सरकारनं सगळे पोव्यात मोडले, १ जानेवारी १९९९ ला परत आणले. लेस्को २००२ मध्ये यातून वेगळा झाला.

तुमचा दुसरा प्रश्न जड आहे. युद्धानंतर उस्त्शिकीचा पट्टा सोव्हिएत युनियनमध्ये होता. १९५१ मध्ये अदलाबदल झाली, दोन्हीकडून ४८० चौरस किलोमीटर. पोलंडनं सोकालकडचा कोळशाचा भाग दिला. इथल्या बोयको लोकांना (डोंगरातले युक्रेनियन) ओडेसा, खेरसोन, दोन्येत्स्ककडं नेलं आणि सोकालकडच्या पोलिश कुटुंबांना इथं आणलं. गावच्या गावं उठली. पट्ट्याबाहेरची पश्चिमेकडची गावं त्याआधीच, १९४७ मध्ये, लष्करानं रिकामी केली होती. मागं राहिलेली बरीच जमीन सरकारी शेतं नि सरकारी जंगलात गेली.

अक्कलकोटकर:
वोयेवोदा म्हणजे आपला विभागीय आयुक्त म्हणायचा का?

जेशूवकर:
जवळपास. पण त्याला पंतप्रधान नेमतात, तो सरकार बदललं की बदलतो. काका, हा भाग १७७२ पासून ऑस्ट्रियाकडं होता. त्या काळातले मोजणीचे गावनकाशे पशेमिश्ल शहरातल्या अभिलेखागारात आहेत, एकेका घराच्या चौकोनासकट.

उजनीकाठ:
घराच्या चौकोनासकट! बाबा, हे वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या जुन्या गावठाणाचा नकाशा मी नोकरीत असताना ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतलाय. उन्हाळ्यात धरण उतरलं की मारुतीचा चौथरा वर येतो, तेव्हा तो कागद घेऊन आमची आळी शोधतो. बायको छत्री धरते, मी पावलं मोजतो. पशेमिश्लला परक्या माणसाला नकाशे बघू देतात का? पुतण्या दिवाळीनंतर परत बोलावतोय.