गॅरेजचं दोन झडपांचं दार वाऱ्यात उघडं कसं धरायचं?

अर्धीखिट्टी:
आमच्या गॅरेजला शटर नाही, बाहेर उघडणारं दोन झडपांचं लाकडी दार आहे. प्रत्येक झडप 4 फूट रुंद, 7 फूट उंच, तीन-तीन पट्टी-बिजागऱ्या. हौसेनं करून घेतलं. बंद करायला कडी, कोयंडा, कुलूप सगळं व्यवस्थित आहे. उघडं ठेवायला काय, हे ना करणाऱ्याला सुचलं ना मला.

आजवर वीट लावून भागवत होतो. गेल्या आठवड्यात गाडी मागे घेत होतो, निम्मी बाहेर आली आणि जोराची झुळूक आली. उजवी झडप विटेसकट गाडीवर. विटेनं काँक्रीटवर हातभर लाल रेघ ओढली आणि गाडीचा आरसा नको त्या बाजूला दुमडला. चूक माझीच, पण आता पक्का बंदोबस्त हवा.

डावीकडे सपाट भिंत आहे, झडप पार मागे जाऊन भिंतीला टेकते. उजवीकडे पावसाच्या पाण्याचा पाइप आडवा येतो, त्यामुळे ती काटकोनाच्या जरा पुढे जाऊन थांबते. जमीन बाहेरच्या बाजूला किंचित उतरती आहे. मनात गॅस स्प्रिंग किंवा चुंबक आहे. कोणी वापरलंय का?

चटकचांदणी:
चुंबक लावा की. 40 किलो ओढीचा मिळतो, खटकन चिकटतो, वाकायला नको.

रंधा:
चांदणीताई, चुंबकावर लिहिलेले ते 40 किलो जाड, सपाट, बिनरंगाच्या लोखंडाला पूर्ण टेकलेला असताना आणि सरळ ओढल्यावरचे. मध्ये रंगाचा थर आला, पट्टी पातळ असली किंवा झडप जरा तिरकी टेकली की त्यातले किती उरतील ते देव जाणे. घरातल्या दाराला ठीक आहे. वाऱ्यासमोर नको.

अर्धीखिट्टी, मी आयुष्यभर दारंच केली, म्हणून जरा लांबण लावतो. तुमची झडप म्हणजे 28 चौरस फुटांचं शीड आहे. ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला तर तिच्यावर साधारण 30 किलोचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे 120. हा जोर झडपेच्या मधोमध, बिजागरीपासून 2 फुटांवर आहे असं धरा. आता तुम्ही तिला मोकळ्या कडेला, 4 फुटांवर धरलंत तर 15 किलो पेलावे लागतात. बिजागरीपासून 1 फुटावर धरलंत तर 60. गॅस स्प्रिंग बसते 8 इंचांवर, तिथे 90 होतात. आणि कपाटाची गॅस स्प्रिंग 100 न्यूटनची, म्हणजे जेमतेम 10 किलो. ती दार उघडायला हात देईल, धरून ठेवणार नाही. वर स्क्रू उपटून घेईल ते वेगळंच.

तेव्हा पहिला नियम, मोकळ्या कडेला धरा. दुसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात: दार जास्त उघडू नये म्हणून अडवणं आणि मागे फिरू नये म्हणून धरणं ही दोन कामं आहेत. तुमच्या उजव्या झडपेला अडवतोय तो पावसाचा पाइप! तो फुटायच्या आत तिथे रबर लावलेला स्टॉपर ठोका.

डावीला फारसं काही नको. भिंतीला सपाट टेकलेल्या झडपेला वाऱ्याचं तोंडच लागत नाही. मोकळ्या कडेजवळ, कमरेच्या उंचीवर हूक आणि भिंतीत आय, म्हणजे हूक अडकवायची गोल कडी. फक्त हूक सैल ठेवू नका. बोटभर जरी खेळ राहिला तर झडप रात्रभर धडधड करते आणि महिन्याभरात आय हलायला लागतो. हुकाजवळ रबराची गुंडी लावा, ती थोडी दाबल्यावरच हूक अडकला पाहिजे.

उजवीला खाली उतरणारा रॉड, म्हणजे मोठी उभी कडी. 16 मिमीचा गज घ्या, 10 मिमीचा पहिल्याच वादळात वाकतो. खालचं कडं झडपेच्या अगदी तळकाठाला लावा. कडं आणि जमीन यांत जितका उघडा गज, तितका तो वाकणार. मूठ कमरेपर्यंत आणा, पाठ वाचेल. वर उचलून फिरवला की मूठ खाचेत पक्की बसली पाहिजे. नाहीतर दार फिरवताना रॉड सुटतो आणि जमिनीवर कंपासनं काढावा तसा अर्धगोल ओरखडा उठतो. मी कितीतरी घरांपुढे पाहिलाय.

भोक नुसतं पाडून ठेवू नका. त्यात माती बसते, पाणी साचतं, एके दिवशी रॉड दोन सूतच आत जातो आणि तुम्हाला वाटतं बसला. आतून 20 मिमीच्या आसपासचा पाइपचा तुकडा काँक्रीटच्या आरपार घाला, खालचं तोंड उघडं, खाली खडी. पाणी आपोआप मुरतं.

कोयंडा:
रंधाकाकांशी सहमत, पण वाकायचा आणि उचलायचा कंटाळा असेल तर आपोआप अडकणारा खटका असतो. जमिनीत रोवलेल्या बुटक्या खुंटीवर उतरत्या तोंडाची जीभ, तिची शेपटी जड. झडप आली की जीभ दबते, झडप पुढे गेली की शेपटीच्या वजनानं पुन्हा वर. सोडवायला शेपटी पायानं उचलायची. आमच्या फाटकाला आहे, दोन्ही हातांत सामान असलं तरी काम होतं.

रंधा:
खटका छान, पण झडप कायम त्याच उंचीवर आली पाहिजे. लाकडी झडप पावसाळ्यात फुगते आणि सावकाश झुकते. अर्धा इंच झुकली की ती जिभेवरून जाण्याऐवजी खुंटीलाच धडकते. लोखंडी फाटकाचा प्रश्न नाही. शिवाय गाडीच्या वाटेजवळ खुंटी म्हणजे अंधारात नडगी फोडून घेणं. माझी फुटलीय.

आणि हो, भोक पाडण्याआधी झडप झुकलीय का ते बघा. दोन्ही झडपा बंद करा, मधली फट वर किती आणि खाली किती ते मोजा.

अर्धीखिट्टी:
काका, फट मोजली. वर तीन सूत, खाली एक. नाही, उलटं लिहिलं, वर एक आणि खाली तीन.

रंधा:
उलटं लिहिलंत ते मी ओळखलंच असतं. झुकणारं दार वरच्या बिजागरीपासून सुटतं आणि वरच्या बाजूला मध्ये सरकतं, म्हणून मधली फट वर लहान आणि खाली मोठी होते. वरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा.

अर्धीखिट्टी:
तीन आठवड्यांनी लिहितोय. उजव्या झडपेच्या वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू बोटांनी बाहेर आले. एक इंची होते, एवढ्या झडपेला! भोकांतून भुसा पडला. त्या जागी आरपार बोल्ट, वॉशर आणि मागून नट घातले. झडप उचलून धरायला शेजारचा मुलगा पाचर घेऊन खाली बसला होता. मग फट वर-खाली दोन सूत.

त्यानंतरच भोकाची जागा धरली. रॉड खाली सोडून टोकाला खडू लावला, झडप हलवून खूण उठवली आणि तिथे पाइप बसवला. आधीच्या झुकलेल्या झडपेची खूण आणि ही, यांत बोटाच्या पेराएवढा फरक होता. डावीला हूक आणि रबर, काका म्हणाले तसं. स्टॉपरही ठोकला, पाइप सुखात आहे.

परवा मोठा वारा झाला. खिडकीतून बघत उभा होतो. उजवी झडप मधोमध थरथरत होती, पण तळाला ढिम्म. डावीचा आवाजही नाही.

एकच घोळ. काल रॉड न उचलता दार ओढलं. गज बरा आहे, खालच्या कड्याचा एक स्क्रू मात्र उचकटला.

रंधा:
होणारच, सवय लागेपर्यंत दोन-तीनदा होतं. त्या कड्यालाही आरपार बोल्ट टाका. आणि रॉड उचलल्यावर झाकला जाईल एवढाच भाग लाल रंगवा. लाल दिसतोय तोवर दाराला हात लावायचा नाही.

चटकचांदणी:
विटेचं काय केलंत?

अर्धीखिट्टी:
विटेवर आता रंगाचा डबा ठेवलाय. लालच आणलाय, आज लावतो.