मुलाचं नाव 'धोंडो' ठेवावं का?

ओवी
26 मेला मला मुलगा झाला. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, 17 मे ते 15 जून, म्हणजे पोर ऐन धोंड्याच्या महिन्यातलं. माझ्या आईच्या वडिलांचं नाव धोंडो. मुलगा झाला तर आजोबांचंच नाव ठेवायचं हे मी सातव्या महिन्यातच ठरवलं होतं. बारसं 7 जूनला आहे आणि घरात वादाला तोंड फुटलंय. सासरे म्हणतात, "पोराला काय दगड म्हणून हाक मारायची?" कानात नाव सांगायचा मान नणंदेचा, तिने 'रेयांश' काढून ठेवलंय. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा.

आजोबांना हे नाव कसं पडलं ते सांगते. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. चौथ्या खेपेला पणजीने बाळ सुपात घालून केराच्या ढिगाशी ठेवलं, शेजारणीने ते उचललं आणि पणजीने पसाभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घेतलं. नाक टोचलं आणि धोंडू म्हणायला लागली. हेतू हाच की काळाला वाटावं, इथे नेण्याजोगं काही नाही. आजोबा 84 वर्षं जगले.

त्यांच्या लग्नातला पितळी डबा माझ्याकडे आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. धोंडो' असं कोरलंय. 'धों'वरचा अनुस्वार ठोकताना कासाराचा हात जरा जास्तच जोरात बसला असणार, तिथे आरपार भोक आहे. दमट हवा आत जाते म्हणून मी त्यात मीठ ठेवत नाही, सुक्या मिरच्या ठेवते. तो डबा रोज हाताखाली असतो आणि नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही, हे मला लागतं. तुमचं खरं मत हवंय.

फळा_खडू
ओवी, आधी बाळाचं अभिनंदन. आता स्पष्ट लिहिते. मी 27 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय. माझ्या वर्गात एक दगडू होता. हजेरी घेताना सगळी पोरं "हजर" म्हणून ओरडायची, हा नुसता हात वर करायचा, कारण त्याचा आवाज आला की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच बाक वाजवायचं. चौथीत असताना त्याने मला विचारलं, "बाई, नाव बदलायला किती पैसे लागतात?" नऊ वर्षांचं पोर! आजोबांची आठवण तुमची आहे, हसणं मात्र त्याच्या वाट्याला येणार. पोराचं नाव पोरासाठी ठेवावं. माझा ठाम विरोध.

काशीकर
इथे मुळातच गफलत होतेय. धोंडो म्हणजे दगड हे अर्धंच खरं. काशीत विश्वनाथाजवळ ढुंढिराज गणपती आहे. 'ढुंढ्' म्हणजे शोधणे, आणि हा अर्थ स्कंदपुराणातल्या काशीखंडातच दिलेला आहे. आपल्याकडे त्याचं धुंडिराज झालं. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद. 1857 च्या नानासाहेब पेशव्यांना धोंडोपंत म्हणत. अनेक घरांत धुंडिराजाचंच बोलताना धोंडो झालेलं आहे. सासऱ्यांना सांगा, नातवाला गणपतीचं नाव ठेवतेय. वाद तिथेच मिटेल.

जोंधळा
काशीकर, व्युत्पत्ती बरोबर आहे, पण ती ओवीच्या आजोबांना लावू नका. तिच्या पणजीने काशीखंड वाचून नाव ठेवलेलं नाही. तिने केराचा ढीग गाठला होता. दोन वेगळे झरे एका नावात येऊन मिळालेत, एक पोथीतला आणि एक सुपातला. सुपातल्याची लाज वाटते म्हणून पोथीतला पुढे करायचा, हे मला पटत नाही. केरू, भिकू, दगडू, धोंडू ही सगळी पोरं जगवायला ठेवलेली नावं आहेत. लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे घ्या. त्यांचं खरं नाव विनायक. पण महाराष्ट्राने त्यांना केरो लक्ष्मण म्हणूनच लक्षात ठेवलं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

फळा_खडू
कमीपणा वाटला नाही, कारण तेव्हा आळीत दर तिसऱ्या घरी एक भिकू नाहीतर धोंडू होता. आजच्या वर्गात आरव, विहान, अद्वैत यांच्यात तो एकटा पडेल. दगडाच्या नावात वाईट काही नाही हे मलाही कळतं. एकट्या पोराचं काय, एवढंच माझं म्हणणं आहे.

निळी_शाई
बाईंशी सहमत. आणखी एक सांगते. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुसा', म्हणजे नकोशी, असं नाव पडलेल्या 285 मुलींची नावं समारंभ करून बदलली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धोंडू, केरू यांचं कौतुक कशासाठी? दोन्ही अंधश्रद्धेतूनच आलेली नावं. जुनं ते सोनं म्हणून काहीही पोराच्या गळ्यात बांधू नये.

कृष्णाकाठ
निळी शाई, ही तुलना वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी चुलत बहीण नकुसा. त्या समारंभाच्या कितीतरी आधीची, त्यामुळे तिच्यासाठी कुणी व्यासपीठ घातलं नाही. लग्नात सासरी नाव बदललं, पण माहेरी आली की पुन्हा नकुसाच. शाळेच्या दाखल्यावरही तेच.

धोंडू हे नाव पोर राहावं म्हणून ठेवायचे. नकुसा हे नाव तिच्यामागून तिच्यासारखी दुसरी येऊ नये म्हणून. ओवीच्या पणजीने पसाभर जोंधळे देऊन पोर विकत घेतलं, माझ्या बहिणीला कुणी मूठभरही देऊन विकत घेतलं नव्हतं. वरवर दोन्ही नावं ओबडधोबड दिसतात, पण एकाच्या पोटात माया आहे आणि दुसऱ्याच्या पोटात नकार. कृपा करून ती एका तागडीत घालू नका.

धोंडो ठेवायचं की नाही ते ओवीने ठरवावं. मला त्या नावात काही वावगं दिसत नाही.

निळी_शाई
मी एवढा विचार केला नव्हता. तुलना मागे घेते. मत मात्र अजून बाईंच्याच बाजूचं आहे.

शिरगांवकर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे डिचोलीजवळ शिरगावला लईराई देवीची जत्रा भरते. व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन होमकुंडातून चालत जाणाऱ्या भक्तांना धोंडच म्हणतात. "यंदा आमचो भुरगो धोंड जालो" हे घरातली माणसं अभिमानाने सांगतात. शब्द तुमच्या नावाशी नात्यातला आहे की नाही त्यात मी शिरत नाही. कानाला हा उच्चार लाजिरवाणा लागतो तो फक्त सवय नसल्यामुळे, एवढंच सांगायचंय.

सातासमुद्रापार
मी 19 वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथे ध कुणाला जमत नाही, पोराचं 'डोंडो' होईल, तयारी ठेवा. पण एक गोष्ट नक्की सांगेन. तमिळमध्ये 'पिच्चै' म्हणजे भिक्षा. देवाकडे मागून मिळालेलं पोर, म्हणजे आपला भिकाजीच. आज पिचई हे नाव गूगलच्या प्रमुखाचं आहे आणि अर्थ विचारून त्याला कुणी हसत नाही. कन्नडमधला गुंडप्पा हाही असाच दगडावरून आलेला. ते लोक आपली नावं वापरतात. आपणच पहिले लाजलो.

पानवही
मला एक गंमत वाटते. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. 'धों.' ही अक्षरं मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ओळखीची आहेत, पण ती कायम मधल्या जागेत. पहिल्या जागेवर म्हटलं तर महर्षी अण्णासाहेब कर्वे, धोंडो केशव, 1858 चा जन्म. त्यांच्या मुलाच्या नावात ते मधे गेलं. महानोर 1942 चे, त्यांच्याही वडिलांचं. बापाचं नाव म्हणून ते चालत राहिलं, पोराला ठेवणं बंद पडलं, आणि ते बाप गेले तसं नावही गेलं.

आणखी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. ओवी, तुमच्या आजोबांचं नाव आणि तुमचं नाव दाखल्यावर शेजारी शेजारी बसेल. आईकडच्या नावाला अशी जागा आपल्या कागदांवर क्वचितच मिळाली असेल. माझा पाठिंबा.

अनारसा
मधला मार्ग सुचवू का? अधिक महिन्याला कुणी वाली नव्हता, मलमास म्हणून सगळे हिणवायचे, तेव्हा विष्णूने त्याला स्वतःचं पुरुषोत्तम हे नाव दिलं, अशी कथा आहे. पोथीत पुरुषोत्तम मास, तोंडात धोंड्याचा महिना. दोन्ही नावं चालू आहेत. जावयाला 33 अनारशांचं वाण देताना पुरुषोत्तमाचं नाव घेतात, आणि स्वयंपाकघरात पुरणाचे धोंडे वळतात. तुम्हीही दाखल्यावर पुरुषोत्तम ठेवा, घरी धोंडो म्हणा. सासरेही खूश.

ओवी
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. कृष्णाकाठ, तुमचा काल रात्री सासऱ्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आजोबांची ती तीन भावंडं... त्यांची नावं काय होती?" मला माहीत नव्हतं. आईला फोन केला. आईलाही माहीत नव्हतं. ती कुठेच लिहिलेली नाहीत. डब्यावर आहे ते एकच नाव.

अनारसा, पुरुषोत्तम छान आहे, पण घरातली नावं घरातच राहतात आणि एक दिवस विसरली जातात. मला ते दाखल्यावर हवंय. काशीकर, गणपतीचा अर्थ मी नणंदेला नक्की सांगेन. पण कुणी विचारलं तर आधी पणजीचं सूप सांगेन, मग गणपती.

बाई, तुमचा दगडू डोक्यातून जात नाहीये. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तरी नाव धोंडोच ठेवतेय. नणंदेने पाळण्याजवळ दोन नावं घ्यायचं कबूल केलंय, आधी धोंडो, मग रेयांश.

फळा_खडू
ओवी, माझं मत बदललेलं नाही. पण ठरवलंच आहेस तर दोन कामं कर. दाखल्यावर स्वच्छ 'धोंडो' लिहून घे, 'धोंडू' किंवा 'धोंड्या' होऊ देऊ नकोस, आणि हातात पडल्यावर अनुस्वार तपासून बघ. दुसरं म्हणजे, तो पहिलीत जाईल तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो डबा घेऊन वर्गात जा आणि पोरांना झाकण हाताळू दे. भोकाला बोट लावून बघतील. कसं पडलं ते विचारतीलच.