माकडतापाच्या सर्वेक्षणातली घरांची ठिकाणे संशोधकाला कशी द्यावीत?

सत्तरीकर:
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या काही गावांत आम्ही माकडतापाचे (रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे) घरोघरी सर्वेक्षण केले. प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी उभे राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपले. ताप कधी आला, घरातले कोण काजू गोळा करायला जाते, हेही त्याच ओळीत आहे. आता एक संशोधक ती एक्सेल फाइल मागत आहेत. नावांचा रकाना काढून टाकला, तर पुरे होईल का?

नकाशावाला:
पुरे होणार नाही. उंबऱ्यावर टिपलेला बिंदू हाच नावाचा पुरावा आहे. उपग्रहचित्रावर टाकला की छप्पर दिसते, आणि ते कोणाचे हे वाड्यावर कोणाला विचारावे लागत नाही. दशांश चिन्हापुढचे आकडे कमी करणे हा सोपा उपाय: 5 आकडे ठेवले तर अचूकता साधारण 1 मीटर, 3 ठेवले तर 110 मीटर, 2 ठेवले तर 1.1 किलोमीटर. परंतु पणजीत 110 मीटरांत कित्येक कुटुंबे राहतात, तर काजूच्या बागेतल्या एकट्या घराभोवती तेवढ्या अंतरात दुसरी चूलच नसते. म्हणून मीटर आधी ठरवू नका. घराभोवतीच्या वर्तुळात निदान किती घरे यावीत ते ठरवा आणि त्यावरून अंतर काढा.

काणकोणकर:
आकडे तोडण्याऐवजी बिंदू यादृच्छिक दिशेला सरकवताही येतो. डीएचएस या अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत शहरी वस्तीसमूहांचे बिंदू 2 किलोमीटरपर्यंत आणि बहुतेक ग्रामीण 5 किलोमीटरपर्यंत हलवतात. मात्र प्रत्येक मागणीला नव्याने सरकवू नये, कारण तशा पाचसहा फाइली एकत्र करून सरासरी काढली की बिंदू पुन्हा मूळ घराजवळ येतो. एकदाच सरकवा आणि सर्वांना तीच प्रत द्या. (माझी फजिती वेगळीच होती: तक्ता काळजीपूर्वक धूसर केला, पण सोबत दिलेल्या विहिरींच्या फोटोंतच मूळ अक्षांश-रेखांश राहिले होते.)

नकाशावाला:
काणकोणकरांची पद्धत बरोबर आहे, पण माकडतापाचा प्रश्न जंगलाच्या कडेचा आहे. घर किलोमीटरभर हलले, तर रानालगतचे घर बाजारात जाऊन बसेल आणि संशोधकाच्या हाती काहीच लागणार नाही. जंगलाच्या कडेपासूनचे अंतर तुम्हीच मूळ बिंदूंवरून मोजा आणि बिंदूंऐवजी तेवढा रकाना द्या, तोही ‘250 मीटरच्या आत’ अशा टप्प्यांत. नेमके अंतर दिले तर उपग्रहचित्र पाहून घर पुन्हा शोधता येते.

सत्तरीकर:
संशोधकांना विचारले, त्यांना खरोखर अंतरच हवे होते. गाव, अंतराचा टप्पा आणि तापाचा महिना एवढेच देत आहोत. ज्या टप्प्यात पाचांहून कमी घरे येतात, तो शेजारच्या टप्प्यात मिळवला आहे. फोटो देणार नाही.